वाफेचं रजिस्टर

नोंदकाकांच्या लेकीने बनवलेलं अ‍ॅप वापरायला जगातला सगळ्यात नालायक माणूस कोण, असा शोध घ्यायचा झाला असता, तर तो लेकीला घराबाहेर जाऊन घ्यावा लागला नसता. तो जेवणाच्या डुगडुगणाऱ्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत बसला होता. तरीही लेकीने सुरुवात त्याच्यापासूनच केली. एक तर बाप हाताशी होता, आणि दुसरं म्हणजे तो फुकट होता.

अ‍ॅपचं नाव 'वाफ'. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी पांढरी खिडकी, तीत एक ओळ, आणि त्या ओळीत जास्तीत जास्त ऐंशी अक्षरं. ओळ लिहून मित्राला पाठवायची. मित्राने ती उघडली की साठ सेकंदांत ती फिकी पडत पडत नाहीशी होणार, थंडीत काचेवर बोटाने लिहिलेलं विरून जातं तशी. फोटो नाहीत, हसरे-रडके चेहरे नाहीत, जुने निरोप चाळायची सोय नाही. मित्राच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की तो आपल्या टेबलाशी बसलेला आहे असं समजायचं. इतकंच.

"फोनवर का नाही केलंस?" काकूंनी विचारलं.

"फोन माणसाच्या मागे मागे फिरतो, आई. हे टेबलावरच राहतं. बसायचं, एक वाक्य बोलायचं, उठायचं. जिन्यात कुणी भेटल्यावर बोलतो ना, तसं."

नोंदकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि नोंद?"

"कसली नोंद?"

"निरोप आला होता याची."

"नोंद नाही, बाबा. तेच तर आहे यात."

"मग निरोप आला होता हे सिद्ध कसं करायचं?"

"कुणाला सिद्ध करायचंय?"

नोंदकाकांनी पेन्सिल परत उचलली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्यांची चौतीस वर्षं गेली होती आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या चौतीस वर्षांत त्यांच्या कक्षातून एकही कागद हरवला नाही. हवा तेव्हा सापडलाही क्वचितच, पण तो दोष मागणाऱ्यांच्या अर्जांचा होता, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर इमारतीने त्यांना सोसायटीचं सचिवपद दिलं आणि त्यांच्या खऱ्या नावाची तेव्हापासून कुणाला गरज पडली नाही.

लेकीचं काम मात्र अडलं होतं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एका मोठ्या कंपनीच्या बाई येणार होत्या. एकाच इमारतीतली बारा माणसं रोज वाफ वापरतायत असं त्यांना दिसलं, तर त्या आपल्या ऑफिसांमध्ये ती लावणार होत्या आणि लेकीला याच कामावर बसता येणार होतं. नाही दिसलं, तर एक तारखेला लेकीने विमा कंपनीतल्या जुन्या जागेवर परत रुजू व्हायचं होतं. ती जागा त्यांनी मोठ्या मनाने राखून ठेवली होती, खुर्चीच्या मोडक्या हातासकट.

"बारा ना? माझ्यावर सोड," नोंदकाका म्हणाले. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. हे वाक्य यापूर्वी त्यांनी घराला रंग लावताना ऐकलं होतं.

नोंदकाकांनी आधी एक परिपत्रक काढलं. मग संमतीपत्र, तीन प्रतींत. दारोदार जाऊन त्यांनी सह्या घेतल्या. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य सोसायटीचे अध्यक्ष होते. आपण सही केली तर ती अध्यक्ष म्हणून की रहिवासी म्हणून, यावर त्यांनी पंधरा मिनिटं घेतली आणि शेवटी दोन्ही म्हणून दोन सह्या केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी संमतीपत्रातल्या सात चुका दाखवल्या आणि आठवी स्वतः घातली. औषधवाल्याने निरोप विरण्याचा वेळ साठ सेकंदांऐवजी जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक असा ठेवायला सुचवलं. तो विनोद होता हे नोंदकाकांना तिसऱ्या दिवशी कळलं. आठवड्याभरात दहा माणसं जमली. नोंदकाका अकरावे.

बारावे होते मास्तर. त्यांना लेकीनेच आणलं होतं. शाळेत ती त्यांच्याकडे चित्रकला शिकली होती, आणि वाफेच्या चिन्हातला वाफाळणारा कप त्यांच्याच हातचा होता. मास्तर समोरच्या दारात राहत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते रोज दुपारी चार वाजता बुद्धिबळ खेळायला यायचे. नोंदकाकांकडे त्या डावांची वही होती. तीत मास्तर सहाशे अकरा डाव हरल्याची नोंद होती, आणि मास्तरांना ती वही मुळीच आवडत नसे. मग एका सभेत सायकली कुठे लावायच्या यावरून जुंपली आणि मास्तर तावातावाने म्हणाले, "हा सचिव माणूस नाही, लोखंडी कपाट आहे!" सचिवांनी ते वाक्य इतिवृत्तात उतरवून घेतलं, उद्गारचिन्हासकट. दुसऱ्या दिवशी मास्तर ते खोडून टाका म्हणून सांगायला आले. "एकदा इतिवृत्तात आलं की खोडता येत नाही," नोंदकाका म्हणाले, "पुढच्या सभेत ठराव आणा." मास्तर गेले, ते तीन वर्षं आले नाहीत. जिन्यात भेटले तर 'अहो, जरा सरकता का' एवढंच बोलणं उरलं होतं.

आता मात्र रोज चार वाजता मास्तरांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. ते रोज लेकीला एक ओळ पाठवायचे. नोंदकाकांना एकही नाही. नोंदकाका ठिपक्याकडे बघत बसायचे आणि, काकूंच्या अंदाजाने, पलीकडे मास्तरही तेच करत असावेत.

वाफ सुरू झाल्याच्या पहिल्याच दुपारी औषधवाल्याचा निरोप आला, "काका, खोकला कसा आहे?" नोंदकाकांनी तो वाचला आणि साठ सेकंदांनी तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला.  कार्यालयाच्या आगीच्या वेळी उठले होते तसे ते उठले, माळ्यावरून लाल पाठीचं दोनशे पानी रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, कोणाकडून, मजकूर, शेरा. पहिली नोंद खोकल्याची झाली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'बरा आहे.'

साठ सेकंदांत ऐंशी अक्षरं सुवाच्य उतरवणं वाटतं तितकं सोपं नाही. दोन दिवस ओळींची शेपटं हातची निसटली. मग त्यांनी काकूंना मदतीला घेतलं. काकूंनी खणखणीत आवाजात वाचायचं आणि यांनी लिहायचं. खिडकी उघडी असायची. काकूंचा आवाज, अंगणाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या मुलांना जेवायला बोलावण्यात तयार झालेला होता. त्यामुळे, दंतवैद्यांचं वजन वाढलंय, ही त्यांनी फक्त नोंदकाकांना कळवलेली गोष्ट खाली गाडी धुणाऱ्यालाही कळली. त्याने त्यांना चालायचा सल्ला दिला. दंतवैद्य दिवसभर विचार करत होते, की याला कुणी सांगितलं?

लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती दिवसभर आपल्या खोलीचं दार लावून, कानांना हेडफोन लावून काम करायची. रोज बारा ठिपके बघून खूष व्हायची आणि बापाच्या पाठीवर थाप मारून जायची. नोंदकाका तेवढ्यापुरतं रजिस्टर वर्तमानपत्राखाली सरकवायचे. आपण काही चुकीचं करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. मग सरकवत का होते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठरलेलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सोसायटीची सभा भरली. विषय गच्चीच्या किल्लीचा होता. ती वकीलबाईंकडे कशी गेली, असं कुणीतरी विचारलं. दंतवैद्य खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "मी तरी द्यायला सांगितलं नव्हतं. सचिवांनी परस्पर दिली असेल."

परस्पर! चौतीस वर्षांत नोंदकाकांनी टाचणीसुद्धा परस्पर दिली नव्हती. त्यांचे कान लाल झाले. ते तडक वर गेले आणि रजिस्टर घेऊन खाली आले.

"अनुक्रमांक दोनशे अकरा," त्यांनी चष्मा लावला. "मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. अध्यक्षांकडून. मजकूर: किल्ली वकीलबाईंना देऊन टाका, एकदाचं तोंड तरी बंद होईल."

अर्धी ओळ वाचून थांबणं शक्य होतं. पण दस्तऐवज अर्धा वाचायचा नसतो.

 वकीलबाईंनी दंतवैद्यांकडे पाहिलं आणि मग नोंदकाकांकडे वळल्या. आवाज अगदी मऊ होता. "काका, आणखी काय काय आहे हो त्यात?"

नोंदकाकांना वाटलं, कामाचं कौतुक होतंय. "सगळं आहे. दोनशे चौऱ्याण्णव निरोप. भेदभाव नाही. हे बघा, याच पानावर तुमचा: दंतवैद्य सभेत बोलायला लागले की भूल दिल्याशिवाय ऐकवत नाही."

पुढे जे झालं त्याला इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं म्हणतात. औषधवाल्याने आपले निरोप परत मागितले. एका आजीबाईंनी, आपण नोंदकाकांना सुनेबद्दल काय लिहिलं होतं ते आठवून, सुनेचा हात धरून सभा सोडली. शेवटच्या खुर्चीत बसलेले मास्तर नुसते रजिस्टरच्या लाल पाठीकडे बघत होते. संध्याकाळच्या चहापर्यंत वाफेवरची दहा नावं गेली. उरले दोघे: नोंदकाका, आणि चार वाजताच्या ठिपक्याचे मास्तर.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टेबलाशी बसली, रजिस्टरची चार पानं उलटली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय, बाबा."

"तुला राग आला असेल."

"कुणीतरी काचेवर बोटाने लिहितंय, आणि तुम्ही मागे उभे राहून उतरवून घेताय." ती जराशी हसली. "जाऊ दे. विमा कंपनीची कँटीन तशी बरी आहे."

मग तिने इस्त्री काढली आणि ऑफिसचे शर्ट कडक करायला घेतले. एक, दोन, तीन, चार, पाच. नोंदकाकांनी ते मोजले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजलेली गोष्ट कुठेही लिहिली नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की रजिस्टर नष्ट करायचं.

"मग फाडा की!" काकू म्हणाल्या.

"असं कसं फाडू? पंचनामा लागतो. तीन सह्या, त्यातली एक घराबाहेरच्या माणसाची."

"अहो, वही तुमची, पेन तुमचं!"

"माझी कशी? मी नुसता सांभाळणारा."

काकूंनी कपाळावर हात मारला, पण नवऱ्याला त्या ओळखून होत्या. नुसतं फाडलं असतं तर त्यांचं स्वतःचंच समाधान झालं नसतं, आणि लोकांचा तर विश्वासच बसला नसता. अभिलेखाची दुसरी प्रत असते, हे आता सगळ्या इमारतीला कळलं होतं. पंचनाम्याचा मसुदा घेऊन नोंदकाका सहीसाठी निघाले. दंतवैद्य घरात असून नव्हते. वकीलबाईंनी दाराच्या साखळीआडून, आपलं या विषयावरचं म्हणणं लेखी येईल, असं सांगितलं. औषधवाल्याने गिऱ्हाईक आहे म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसला.

समोरचं दार उरलं होतं. ते तीन पावलांवर होतं. नोंदकाका एक पाऊल गेले, परत आले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. चार वाजता ठिपका लागला. ऐंशी अक्षरं लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. त्यातली पस्तीस 'संदर्भ' आणि 'विषय' लिहून खोडण्यात गेली. शेवटी एवढंच राहिलं: "रजिस्टर नष्ट करायचं आहे. एक साक्षीदार कमी पडतो. याल का?"

उत्तर लगेच आलं. "पाणी तापवा. मोठा टब काढा. येतो."

सवयीने नोंदकाकांचं पेन चाललं. अनुक्रमांक दोनशे पंच्याण्णव, असं लिहून झालं. मग ते थांबले. पुढचे रकाने तसेच कोरे राहिले.

मास्तर आले ते शाळेतला रंगाचे डाग पडलेला अंगरखा घालून, हातात लाकडी दांडा घेऊन. "जाळलं तर राख उडते आणि लोक शंका घेतात," ते म्हणाले. "फाडलं तर चिकटवता येतं. लगदा केला की विषय संपला. शाळेत तीस वर्षं हेच केलंय. मुलांच्या उत्तरपत्रिकांचे मी कितीतरी हत्ती बनवलेत."

टब अंगणात मांडला. मास्तरांनी रजिस्टरची शिवण उसवली, आणि दोघांनी पानं फाडून गरम पाण्यात टाकायला सुरुवात केली. शाई सुटली, पाणी निळं झालं. वर बाल्कन्यांमध्ये एकेक डोकं दिसू लागलं.

"पाणी अजून गरम पाहिजे," औषधवाला वरून ओरडला.

"तुम्हाला गिऱ्हाईक आहे ना?" काकूंनी विचारलं. तो खाली आला.

मग दंतवैद्य उतरले. "माझी पानं मी स्वतः फाडणार."

"आधी मला बघू द्या," वकीलबाई त्यांच्या मागेच होत्या. पान अनुक्रमांक दोनशे अकराचं होतं. दोघांनी डोकं लावून ते वाचलं. दंतवैद्य खालच्या ओळीपाशी थांबले. "भूल दिल्याशिवाय ऐकवत नाही... बाई, हे चांगलं लिहिलंय हो. दवाखान्यात लावतो."

"आणि तोंड बंद झालं का माझं?"

"नाही ना. किल्लीही गेली."

वकीलबाईंना हसू आवरेना. त्यांनी पान मधोमध फाडलं, अर्धं दंतवैद्यांना दिलं आणि दोघांनी ते एकदमच टबात टाकलं. आजीबाई सुनेला घेऊन आल्या. त्यांचं पान सुनेने न वाचताच चुरगळून टाकलं, आणि आजीबाईंनी सगळ्यांदेखत तिच्या हातावर हात ठेवला. लगद्याला डिंक किती, दांडा कुठल्या बाजूने फिरवायचा, यावर एवढे सल्ले आले की एक वेगळं रजिस्टर भरलं असतं. नोंदकाकांच्या मनात ते आलंही. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले.

लेक खिडकीतून बघत होती. पाचव्या शर्टावर पुन्हा फिरवायला घेतलेली इस्त्री तिने तशीच आडवी ठेवली होती. काकूंच्या नजरेने ते टिपलं आणि त्या वर धावल्या. पाचवा शर्ट वाचला.

पंचनाम्यावर तीन सह्या झाल्या. लोक पांगले. मास्तर दांडा ढवळत राहिले आणि टबाकडेच बघत म्हणाले, "सभेची ती वहीसुद्धा बसली असती यात."

"ती अ वर्गात मोडते," नोंदकाका म्हणाले. "कायम जतन."

दांडा थांबला.

"पण शेरा लिहिता येतो," नोंदकाका घाईने म्हणाले आणि वर गेले. इतिवृत्ताची वही घेऊन ते परत आले, पान सत्तेचाळीस उघडलं. उद्गारचिन्हासकट ते वाक्य तिथेच होतं. समोरच्या कोऱ्या समासात त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं: 'सदर विधान तपासून पाहिले. बरोबर आढळले.' खाली सही, तारीख.

मास्तरांनी ओले हात अंगरख्याला पुसले, चष्मा लावला आणि ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा हलला नाही, पण मिशी हलली.

"शिक्का नाही मारलास?"

"घरी आहे."

"मग आण की, कपाटा!"

शुक्रवारी कंपनीच्या बाई आल्या. लेकीने पाचांतला एक शर्ट घातला होता. पडद्यावर बारा ठिपके होते. मंगळवारपासून ते एकेक करून परतले होते. मधले दोन दिवस फक्त दोनच का, असं बाईंनी विचारलं. लेकीने काही लपवलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीत दाटीवाटीने बसलेल्या इमारतीकडे वळल्या. "बरं, पण तुम्ही एकमेकांना लिहिता काय रोज?"

दंतवैद्यांनी छताकडे पाहिलं. औषधवाल्याला खोकला आला. "आठवत नाही," आजीबाई म्हणाल्या.

"आणि असलं तरी," वकीलबाई म्हणाल्या, "पुरावा नाही."

बाईंनी वही मिटली. लेकीला हवा असलेला दोन वर्षांचा करार त्या कबूल करू शकल्या नाहीत. आधी सहा महिने, एका ऑफिसात, मग बघू, असं ठरलं. लेकीने विमा कंपनीला फोन करून खुर्ची मोकळी केली. काकूंनी उरलेले चार शर्ट घडी करून वरच्या फळीवर टाकले.

शनिवारी चार वाजता ठिपका लागला आणि खिडकीत एक ओळ आली. नोंदकाकांचा हात खिशाकडे गेला. खिशात पेन होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि ओळ वाचली. मग परत वाचली. साठ सेकंद झाले आणि ती गेली.

"काय म्हणतात मास्तर?" काकूंनी आतून विचारलं.

"गेलं."

"गेलं म्हणजे? होतं काय?"

"लक्षात नाही," चौतीस वर्षांतल्या फायलींचे क्रमांक तोंडपाठ असलेला माणूस म्हणाला.

तो उठला. बुद्धिबळाची पेटी काढून तिच्यावरची धूळ फुंकली. डुगडुगणाऱ्या टेबलावर पट मांडला, समोर दुसरी खुर्ची ओढली, आणि मेलेली मोहरी टाकायला मास्तरांनी वाळवून पाठवलेला निळसर लगद्याचा वाडगा कडेला ठेवला. पेटीच्या तळाशी सहाशे अकरा डावांची वही होती. ती त्याने उघडून पाहिली, मिटली, दुमडली आणि टेबलाच्या तोकड्या पायाखाली सरकवली.

टेबल हलायचं थांबलं. तेवढ्यात समोरचं दार वाजलं.